देगावकरसाहेब आणि नंबर नसलेली पेटी

परवा एका मुंजीत आमच्या मिलमधला जुना क्लार्क भेटला. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाला, "देगावकरसाहेबांसारखी माणसं आता राहिली नाहीत हो, बाई."

मी म्हटलं, "बरं झालं की."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तो हसला, आणि साहेबांची शिस्त, साहेबांचं अक्षर, साहेबांचे इस्त्रीचे कपडे यांची पोथी सोडून बसला. मी पान खाऊन निघून आले. पण घरी येईपर्यंत डोक्यात साहेबच होते. मनातल्या मनात का होईना, त्या माणसाशी मी अजून भांडते. एवढी वर्षं झाली, तरी राग काही शिळा झालेला नाही.

आमची मिल चादरी आणि टॉवेलची. नाव सांगत नाही, कारण मिल वाईट नव्हती. आय.टी.आय.मधून ट्रेसरचा कोर्स करून मी तिथं चिकटले. ड्रॉइंग ऑफिस हे नाव भारदस्त, पण ते म्हणजे देगावकरसाहेबांच्या केबिनबाहेरचं एक उतरतं टेबल, शाईची दौत, ब्लेडची पाकिटं आणि मी. साहेब इंजिनिअरिंग खात्याचे प्रमुख. मिलमध्ये कुठलीही तार कुठून कुठं जाते याचा नकाशा आधी पेन्सिलीनं कुणीतरी काढायचा, साहेबांनी त्यावर सही करायची, आणि मग मी तो ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचा.

साहेब बुटके. टाचा उंचावून चालायची सवय. शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकच लिहायचं. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची चिंता होती, ती म्हणजे पहिलं कोण. कँटीनमधल्या कपांच्या बुडाला त्यांनी ऑइलपेंटनं नंबर घालून घेतले होते. एक नंबरचा कप साहेबांचा. एकदा चहावाल्यानं चुकून चार नंबरच्या कपात चहा आणला, तर साहेबांनी तो उचलला, बूड पाहिलं आणि जसाच्या तसा परत पाठवला. दुसरा येईपर्यंत चहाची वेळ संपली. त्या दिवशी साहेब चहाशिवाय राहिले, पण मान ताठ होती.

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा असायची. सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार. पूर्वी बॉयलरला पहिला हार घालायचे, कारण बॉयलर थंड पडला तर मिलच थंड. साहेब प्रमुख झाले त्या वर्षी त्यांनी पहिला हार आपल्या टेबलावरच्या टेलिफोनला घालायला लावला. भटजी गोंधळले. टेलिफोनला हळदकुंकू लावताना त्यांच्या हातून रिसीव्हर पडला आणि पलीकडून ऑपरेटर "हॅलो, हॅलो" करत राहिली. साहेब म्हणाले, "मिल चालते ती हुकमावर. वाफेवर नाही."

आणि बोलण्याचा नियम. त्यांच्या केबिनमध्ये आपण होऊन कुणी बोलायचं नाही. "विचारलं तेवढंच सांगायचं," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. फिटर सांगायला यायचा की पंप गळतोय. साहेब मान वर न करता लिहीत राहायचे. फिटर उभा. पंप गळतोय. मग सावकाश पेनाला टोपण घालून साहेब विचारायचे, "काय आहे?" मधल्या पाच मिनिटांत किती पाणी गेलं याचं त्यांना सोयरसुतक नसायचं.

त्यांना काहीच येत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. बॉयलरच्या आवाजावरून आत काय चाललंय ते त्यांना कळायचं. अक्षर तर असं की बघत राहावं. पण हे सगळं त्यांनी स्वतःचा पाट उंच करायला वापरलं. थोडं येणारा असला माणूस निव्वळ अडाण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, हे मी तिथं शिकले.

त्यांच्या हाताखाली नरसय्या म्हणून वायरमन होता. तेलुगू, विणकराच्या घरातला, पण हातमाग सोडून तारांच्या मागे लागलेला. चाळिशी उलटलेली. नऊ वर्षं तो बदलीवर होता, म्हणजे कायम कामगारांत कुणी गैरहजर असेल त्या दिवशी काम, नाहीतर फाटकावरून परत. प्रत्यक्षात त्याच्याशिवाय खात्याचं पान हलत नव्हतं, म्हणून रोजच बोलावणं यायचं. पण कागदावर बदली. त्या वर्षी पहिल्यांदा कायम करायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. पुढच्या महिन्यात सही व्हायची होती. तो कुणाला काही बोलला नव्हता, फक्त रोज दुपारी नोटीस बोर्डापुढून एक फेरी मारायचा.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. मालकांचा मुलगा परदेश फिरून आला आणि त्यानं मिलमध्ये नवीन यंत्रणा आणायचं ठरवलं. तोवर यंत्र चालू-बंद करायला भिंतीएवढी लोखंडी कपाटं असायची, आत रिले नावाचे विजेचे शेकडो खटके कटकट करत बसलेले. आता त्यांच्या जागी प्रोग्रॅमेबल कंट्रोलर म्हणून पेट्या येणार होत्या. बॉयलरजवळ एक, रंगखात्यात एक आणि चादरी सुकवायच्या वाळवणी मशीनवर एक. चौथी पेटी साहेबांच्या केबिनमध्ये. चारही पेट्या एकमेकींना पिळलेल्या दोन तारांनी जोडायच्या. त्या दोन तारांवरून पेट्या एकमेकींशी बोलणार, असं पुण्याहून आलेला इंजिनिअर कानिटकर म्हणाला. साहेबांनी ते फार गंभीरपणे ऐकलं.

कानिटकर तरुण, मनमोकळा. त्यानं सगळ्यांना जमवून समजावलं. तार एकच, म्हणून सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही. केबिनमधली पेटी एकेकीला नंबरानं हाक मारून विचारणार, "एक नंबर, तुझा आकडा सांग." एक नंबर सांगणार, बाकीच्या गप्प. मग दोन, मग तीन. पुन्हा एक. प्रत्येक पेटीच्या पाठीला बारीक बटणं होती, ती वरखाली करून तिचा नंबर ठरायचा. बॉयलर एक, रंगखातं दोन, वाळवणी तीन. केबिनमध्ये एक फळी बसवली, तिच्यावर तीन खिडक्या. लाल आकड्यांत वरती बॉयलरची उष्णता, मध्ये रंगखात्याची, खाली वाळवणीची.

साहेब खूश झाले. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, ही पद्धत त्यांना पसंत पडली. मग त्यांनी मी काढलेला नकाशा हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "माझ्या पेटीचा नंबर कुठला?"

"तिला नंबर नाही, साहेब," कानिटकर म्हणाला. "जी विचारते तिला नंबर लागत नाही. उत्तर देणाऱ्यांनाच लागतो."

"बॉयलरला एक नंबर, आणि मला नंबरच नाही?"

"तुम्हाला नाही साहेब, पेटीला."

"तेच ते."

कानिटकर हसला. तिथं हसायचं नसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले. पण पुण्याच्या माणसापुढं ते काही बोलले नाहीत. आठ दिवस सगळं झकास चाललं. कानिटकरनं विचारणाऱ्या पेटीत कुणाला कोणत्या नंबरानं हाक मारायची ती यादी भरली होती, आणि ती बदलायचं छोटं यंत्र घेऊन तो पुण्याला परत गेला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी नरसय्याला आणि मला आत बोलावलं.

"बाई, नकाशा दुरुस्त करा. केबिन एक नंबर. बॉयलर दोन, रंगखातं तीन, वाळवणी चार. आणि नरसय्या, तू प्रत्येक पेटीच्या मागची बटणं तशी फिरव."

मी माझ्या जागेवरून ब्लेड आणलं आणि ट्रेसिंगवरचे आकडे खरडायला लागले. शाई अशीच काढतात, हलक्या हातानं, कागद फाटू न देता. नरसय्या हलला नाही. तो कानिटकरच्या मागं आठ दिवस सावलीसारखा फिरला होता.

"साहेब, बटणं फिरवतो की. पन आपल्या ह्या पेटीतली यादी तशीच ऱ्हातीय. ती एक, दोन, तीन अशीच हाका मारनार."

"तुला विचारलं का?"

"न्हाय साहेब."

"मग?"

नरसय्या माझ्याकडं बघून गेला. मी आकडे खरडत होते.

पुढचं सांगायला मला हसू येतं, आणि हसू येतं याची लाजही वाटते. बटणं फिरली. विचारणाऱ्या पेटीनं नेहमीप्रमाणे एक नंबरला हाक मारली. एक नंबर आता कुणीच नव्हतं. केबिनची पेटी स्वतःला थोडीच हाक मारणार! वरची खिडकी कोरी झाली आणि तिच्याशेजारी लाल दिवा लागला. दोन नंबरला हाक गेली तर उत्तर दिलं बॉयलरनं, आणि बॉयलरची उष्णता रंगखात्याच्या खिडकीत उमटली. तीन नंबरला हाक गेली तर उत्तर दिलं रंगखात्यानं, आणि ते वाळवणीच्या खिडकीत. खऱ्या वाळवणीला कुणी हाकच मारली नाही.

साहेबांनी लाल दिव्याकडं बघितलं. आपला नंबर लागला आणि लागल्या लागल्या लाल दिवा, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी खणातून चिकटपट्टी काढली, जखमेवर लावतात ती, आणि दिव्यावर चिकटवली. बॉयलरचं काय, तो तर त्यांना आवाजावरून कळत होता.

मग खालच्या खिडक्या. रंगखात्यात भयंकर उष्णता, वाळवणीत फारच कमी. साहेबांनी टेलिफोन उचलला. रंगखात्याला सांगितलं, वाफ कमी करा. वाळवणीला सांगितलं, वाढवा. रंगखात्यानं वाफ कमी केली, तशी तिथली उष्णता उतरली, आणि ती उतरलेली उष्णता साहेबांना वाळवणीच्या खिडकीत दिसली. साहेब म्हणाले, वाळवणी अजून वाढवा. रंगखात्याची खिडकी तर बॉयलरचा आकडा दाखवत होती, तो काही हटेना. साहेब म्हणाले, रंगखातं अजून कमी करा. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत हा खेळ चालला. रंगखात्यात लाल सूत गुलाबी निघायला लागलं आणि वाळवणीत चादरी भाजायला लागल्या.

वाळवणीवरचा माणूस दोनदा सांगायला आला. मशीनवरचं उष्णता दाखवणारं जुनं काट्याचं घड्याळ वेगळंच सांगतंय, म्हणाला. साहेब म्हणाले, "ते घड्याळ माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. यंत्र काय सांगतं ते ऐक." तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्याच्या हातात चादर होती. पांढऱ्या पट्ट्यांचा रंग चहासारखा झाला होता आणि घडी उलगडताना ती पापडासारखी मोडली.

सगळी पाळी वाया गेली. लग्नसराईचा माल होता. संध्याकाळच्या आत मॅनेजरांनी चौकशी लावली.

चौकशीच्या अर्धा तास आधी साहेब माझ्या टेबलापाशी आले. आपण होऊन कुणाच्या टेबलापाशी आलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. नकाशा पुढं ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, आकडे पहिल्यासारखे करा. बॉयलर एक, रंगखातं दोन, वाळवणी तीन. केबिनला काही नको."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"करा की," ते म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता. विनंती होती, आणि मला ती हुकमापेक्षा किळसवाणी वाटली. तरीही मी ब्लेड उचललं. माझी नोकरी तीन वर्षांची होती, घरी धाकटी भावंडं होती, हे सगळं खरं. पण त्या वेळी मला यातलं काहीच आठवलं नाही. साहेबांनी सांगितलं आणि हात चालू झाला, एवढंच. दुसऱ्यांदा खरडल्यावर कागद इतका पातळ झाला की शाई पसरली. तीन आकड्यांभोवती तीन डाग पडले.

मॅनेजरांच्या खोलीत आम्ही तिघं. मॅनेजर सभ्य, दमलेले. त्यांनी नरसय्याला विचारलं, "बटणं तू फिरवलीस?"

"व्हय साहेब. देगावकरसाहेबांनी सांगितलं म्हनून."

"साफ खोटं," देगावकर म्हणाले. "मी कशाला सांगू? माझ्या सहीचा नकाशा आहे. त्यात काय नंबर आहेत ते बघा. नकाशाप्रमाणे काम करायचं, ही माझी शिस्त."

मॅनेजरांनी नकाशा माझ्यापुढं सरकवला. "बाई, तुम्ही काढलाय?"

"हो."

"वाळवणीचा नंबर काय लिहिलाय?"

"तीन."

"आणि पेटीमागचं बटण किती नंबरवर मिळालं?"

"चार," नरसय्यानंच सांगितलं.

मॅनेजर माझ्याकडं बघत राहिले. नुसता तो कागद खिडकीसमोर धरा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरडलेली जागा उजेडात काचेसारखी दिसते, हे कुठल्याही ट्रेसरला ठाऊक असतं. मी म्हटलं नाही. त्यांनी ते विचारलं नव्हतं. नऊ वर्षं बदलीवर असलेला माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि मी साहेबांची सर्वांत चांगली पेटी झाले होते.

"बरं," मॅनेजर म्हणाले.

नरसय्याचं नाव कायमच्या यादीतून गेलं आणि बदलीच्या यादीतूनही गेलं. चार दिवसांनी कानिटकर पुण्याहून आला. बटणं बघितली, नकाशा बघितला, दिव्यावरची चिकटपट्टी सोलून काढली, आणि दहा मिनिटांत सगळं होतं तसं केलं. त्याला काय ते कळलं असावं, कारण जाताना त्यानं साहेबांशी हात मिळवला नाही. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. पुढं मिलमध्ये पाहुणे आले की ते फळी दाखवून सांगायचे, "सुरुवातीला एका वायरमननं घोळ घातला होता, मी पकडला." पाहुणे माना डोलवायचे. काही वर्षांनी साहेबांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असणार. असल्या माणसांना झोप उत्तम लागते.

पण साहेब स्वतःला दयाळूही समजायचे, ते राहिलंच. नरसय्या आपली हत्यारांची पिशवी न्यायला आला त्या सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. मिलच्या छापील कागदावर त्यांनी इंग्रजीत, त्या प्रसिद्ध अक्षरात, एक प्रमाणपत्र लिहिलं होतं. "हे त्या नरसय्याला द्या, बाई. अक्कलकोट रोडला नवीन कारखाने निघतायत, कुठं तरी लागून जाईल. माणसाचं वाईट करू नये." त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा शांत होता. मला तो कागद त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. मी तो घडी न मोडता खाली घेऊन गेले.

नरसय्या फाटकाशी उभा होता. पिशवी सायकलला अडकवत होता. मी कागद दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला.

"इंग्रजी हाय. वाचा की, बाई."

मी मराठीत सांगत गेले. सदर इसम नऊ वर्षं आमच्याकडं होता. अत्यंत प्रामाणिक आहे. तारांच्या कामात त्याच्याइतका जाणकार माणूस मी पाहिला नाही. सांगितलेलं काम बिनचूक करतो.

"सांगितलेलं काम बिनचूक करतो, असं लिवलंय?"

"हो."

"साहेबांनी?"

"हो. खाली सही आहे."

तो कागदाकडं बघत राहिला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ह्ये समदं नीट वाचलं तुमी, बाई. त्या दिवशी बी कागद असाच पुरता वाचायला पायजे हुता."

त्यानं प्रमाणपत्राच्या चार घड्या केल्या, खिशात ठेवलं, सायकलवर टांग टाकली आणि गेला.

मी वळले. वर, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत देगावकरसाहेब उभे होते. सगळं बघत असावेत. त्यांनी मला हातानंच खूण करून विचारलं, मिळालं का त्याला?

मी मान हलवून हो म्हटलं. साहेब समाधानानं हसले आणि आत गेले.